लॅटिनो ओळख आणि दोन संस्कृतींत वाढणारी मुलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबं, स्पॅनिश शिकणारे विद्यार्थी आणि लॅटिनो घराशी सोयरीक जुळलेली मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. इथे लिहिलेलं मुख्यतः अमेरिकेतल्या लॅटिनो समाजाबद्दल आहे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लॅटिनो आणि हिस्पॅनिक एकच ना?

बहुतेक वेळा माणसं तीच असतात, पण मोजपट्टी वेगळी आहे. हिस्पॅनिक हा शब्द भाषेवरून आणि स्पेनच्या वारशावरून ठरतो, लॅटिनो हा लॅटिन अमेरिकेच्या भूगोलावरून. त्यामुळे माद्रिदचा माणूस हिस्पॅनिक आहे, पण सहसा त्याला लॅटिनो म्हणत नाहीत. साओ पाउलोचा माणूस लॅटिनो आहे, पण त्याची भाषा पोर्तुगीज असल्यानं तो हिस्पॅनिक नाही. मेक्सिको, क्यूबा, कोलंबिया, पेरू इथले लोक दोन्हींत बसतात. गयाना आणि सुरीनाम दक्षिण अमेरिकेत असूनही इथल्या लोकांना सहसा लॅटिनो म्हणत नाहीत. स्त्रीसाठी शब्द लातिना.

अमेरिकन सरकारी फॉर्मवर मात्र हे दोन्ही शब्द एकाच रकान्यात येतात आणि तिथली व्याख्या स्पॅनिश संस्कृतीशी बांधलेली आहे. म्हणून ब्राझीलचे लोक रोजच्या बोलण्यात लॅटिनो, तर सरकारी मोजणीत नाहीत, असा घोळ होतो.

२. मग मेक्सिकोत किंवा कोलंबियात लोक स्वतःला लॅटिनो म्हणवतात का?

रोजच्या बोलण्यात नाही. तिथे माणूस कोलंबियन असतो, त्याहून आधी मेदेयीनचा किंवा बोगोताचा असतो. लॅटिनो तो होतो अमेरिकेत उतरल्यावर. कोल्हापूरचा माणूस न्यू जर्सीत पोचला की 'साउथ एशियन' होतो, तसंच हे.

या शब्दांची घडण बरीचशी फॉर्मांवर झाली. १९३० च्या अमेरिकन जनगणनेत 'मेक्सिकन' हा चक्क वंश म्हणून छापला होता. मेक्सिकन सरकारनं आणि मेक्सिकन-अमेरिकन संघटनांनी विरोध केल्यावर १९४० मध्ये तो काढला. १९७० मध्ये स्पॅनिश मुळाबद्दलचा प्रश्न फक्त काही घरांना विचारला गेला. १९७६ मध्ये अशी आकडेवारी गोळा करण्याचा कायदा झाला आणि १९८० पासून हा प्रश्न प्रत्येक घराला विचारला जाऊ लागला. 'लॅटिनो' हा शब्द १९९७ च्या नियमबदलानंतर, २००० च्या जनगणनेत छापला गेला. २०२० च्या मोजणीत ही संख्या ६ कोटी २१ लाख होती, म्हणजे देशाच्या १८.७ टक्के. एवढ्या लोकांना एका शब्दात बसवलं की तो शब्द सैल होणारच. घरात बरीच कुटुंबं अजूनही देशाचंच नाव घेतात, म्हणून ओळख करून घेताना 'तुमचं कुटुंब मूळचं कुठलं?' असं विचारलेलं बरं.

३. लॅटिनो हा वंश आहे का? दिसण्यावरून ओळखता येतात का?

नाही, आणि नाही. लॅटिनो माणूस गोरा, कृष्णवर्णीय, मूलनिवासी, आशियाई किंवा या सगळ्यांचं मिश्रण असू शकतो. गायिका सेलिया क्रूस क्यूबन आणि कृष्णवर्णीय होत्या. पेरूचे १९९० ते २००० या काळातले राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी जपानी वंशाचे होते. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची कागदपत्रं जमवणारे आर्तुरो शोम्बुर्ग, ज्यांच्या नावाचं केंद्र हार्लेममध्ये आहे, ते १८७४ मध्ये प्वेर्तो रिकोत जन्मले. कृष्णवर्णीय लॅटिनो घरातल्या मुलांना दुहेरी त्रास होतो: लॅटिनो मुलं विचारतात 'तुला स्पॅनिश कसं येतं?' आणि कृष्णवर्णीय मुलं विचारतात 'तू आमच्यातला का नाहीस?'

२०२० मध्ये फॉर्मवर आधी 'हिस्पॅनिक आहात का' आणि मग वेगळा 'वंश कोणता' असे दोन प्रश्न होते. दुसऱ्या प्रश्नाला ४२.२ टक्के लॅटिनोंनी 'अन्य एखादा वंश' एवढंच उत्तर दिलं. प्रश्नच त्यांना लागू पडत नव्हता, असा त्याचा सरळ अर्थ. मार्च २०२४ मध्ये नियम बदलून दोन्हींचा मिळून एकच प्रश्न करण्याचं ठरलं, ज्यात हव्या तितक्या चौकटींवर खूण करता येते. सगळ्या कार्यालयांचे फॉर्म एकदम बदलत नाहीत, त्यामुळे दोन्ही पद्धती दिसतील.

४. चिकानो, तेहानो, बोरीकुआ, न्यूयोरिकन हे शब्द कुणी वापरायचे?

चिकानो म्हणजे मेक्सिकन मुळाचा अमेरिकन. पण हा शब्द राजकीय आहे. आधी तो हिणवण्यासाठी वापरला जाई. १९६० च्या दशकातल्या चळवळीनं तो अभिमानानं उचलला. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतून हजारो विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले, त्यांच्या तोंडी हा शब्द होता. काही आजी-आजोबांना तो आजही टोचतो. समोरच्यानं स्वतःसाठी वापरला तरच आपण वापरावा.

तेहानो म्हणजे टेक्ससमधले जुने मेक्सिकन-अमेरिकन. बोरीकुआ म्हणजे प्वेर्तो रिकोचा माणूस. बेटाचं तिथल्या मूलनिवासींच्या ताईनो भाषेतलं नाव बोरिकेन, त्यावरून. (त्याच ताईनोतला 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांबरोबर कोकणात उतरला आणि आपल्या भाजीत कायमचा राहिला.) न्यूयोरिकन म्हणजे न्यूयॉर्कमध्ये वाढलेला बोरीकुआ.

५. 'तुमचं कुटुंब अमेरिकेत कधी आलं?' या प्रश्नाचा त्यांना राग का येतो?

कारण पुष्कळ कुटुंबं आलीच नाहीत. सीमा त्यांच्या अंगणातून पुढे सरकली. २ फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो तहानं आजचे कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा आणि ॲरिझोना-न्यू मेक्सिकोचा मोठा भाग मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. तिथे राहणारी माणसं जागेवरच बसून परदेशी झाली. न्यू मेक्सिकोतलं सांता फे हे स्पॅनिश शहर १६१० च्या सुमारास वसलं, इंग्रज वसाहतकऱ्यांचं मेफ्लॉवर जहाज त्यानंतर, १६२० मध्ये आलं.

प्वेर्तो रिको १८९८ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात गेलं आणि १९१७ मध्ये तिथल्या लोकांना नागरिकत्व मिळालं. सान हुआनहून न्यूयॉर्कला जायला पासपोर्ट लागत नाही, तो देशांतर्गत प्रवास आहे. तरी बेटावर राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. तोच माणूस फ्लोरिडात राहायला गेला की त्याला मत मिळतं. म्हणून बोरीकुआ माणसाला 'ग्रीन कार्ड मिळालं का?' असं विचारू नये.

६. 'लॅटिनेक्स' म्हणायचं की नाही?

लिंगनिरपेक्ष शब्द हवा म्हणून तो आला. प्यू संस्थेच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत केवळ ३ टक्के लॅटिनो प्रौढ तो स्वतःसाठी वापरत होते. स्पॅनिशमध्ये त्याचा उच्चारही अडखळतो. म्हणून काही तरुण 'लातिने' म्हणतात. ज्यानं तो स्वतःसाठी निवडला आहे, त्याच्याशी बोलताना वापरा. आजीशी बोलताना नको.

७. दोन आडनावं असतात, त्यातलं खरं कोणतं? फॉर्मवर काय लिहायचं?

दोन्ही खरी. स्पॅनिश पद्धतीत आधी वडिलांचं पहिलं आडनाव, मग आईचं पहिलं आडनाव. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांचं वर्णानुक्रमात स्थान 'ग'मध्ये, 'म'मध्ये नव्हे. एकच आडनाव घ्यायचं झालं तर पहिलं घेतात. ब्राझीलमध्ये क्रम साधारण उलटा: आधी आईचं, शेवटी वडिलांचं. बहुतेक स्पॅनिशभाषक देशांत लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही, त्यामुळे आई, वडील आणि मूल या तिघांची आडनावं तीन तऱ्हेची दिसतात. त्यात काही गडबड नसते.

गोंधळ अमेरिकन फॉर्मवर सुरू होतो. तिथला कारकून शेवटचा शब्द आडनाव धरतो आणि मधला 'मिडल नेम'मध्ये ढकलतो. म्हणजे मुलाचं वडिलांकडचं आडनाव गायब आणि आईकडचं शिल्लक. शाळेत एक नोंद, दवाखान्यात दुसरी, विमान तिकिटावर तिसरी; मग लसीकरणाचे कागद सापडत नाहीत. मराठी माणसाला हे नवं नाही: आपलं मधलं वडिलांचं नावही तिथे असंच भरकटतं.

उपाय असा. दोन्ही आडनावं आडनावाच्या रकान्यातच लिहा, मधलं नाव नसेल तर तो रकाना रिकामा ठेवा. जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड आणि पासपोर्टवर अक्षरन् अक्षर तेच असू द्या. काही कुटुंबं मध्ये जोडरेघ टाकतात, म्हणजे संगणक दोन तुकडे करत नाही. पण काही प्रणाली जोडरेघ गाळून दोन्ही शब्द चिकटवतात, तेव्हा तिकीट काढल्यावर नाव तपासा. नोंद सापडत नसेल तर दोन्ही आडनावांनी वेगवेगळी शोधायला सांगा.

अक्षरांवरच्या खुणांचाही प्रश्न असतो. कॅलिफोर्नियाच्या जन्मदाखल्यावर वर्षानुवर्षं फक्त इंग्रजीची २६ अक्षरं चालत होती. 'न्य'साठीचं स्पॅनिश अक्षर तिथे साधं 'न' होतं. मग पेन्या या आडनावाचं पेना होतं, आणि पेन्या म्हणजे खडक तर पेना म्हणजे दुःख किंवा लाज. मुलाच्या नावाबद्दल आजोबा हट्ट धरतात, त्यामागे हे कारण असतं.

८. मुलाला स्पॅनिश समजतं, पण तो उत्तर इंग्रजीत देतो. त्याला 'नो साबो' म्हणून चिडवतात. तो कमी लॅटिनो आहे का?

नाही. ही गोष्ट आम्ही जितक्या ठामपणे सांगू शकतो तितक्या ठामपणे सांगतो, कारण या एका चिडवण्यानं मुलं भाषा कायमची सोडतात.

'मला माहीत नाही' हे स्पॅनिशमध्ये 'नो से'. मूल क्रियापदाच्या नेहमीच्या नियमानं 'नो साबो' करतं. ही चूक स्पॅनिशच्या देशांतली लहान मुलंही करतात; आपलं मूल 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणतं, तशीच. त्यातून नियम कळलेला दिसतो, फक्त अपवाद ऐकायला मिळालेला नसतो. अमेरिकेत वाढणाऱ्या मुलाला तो कमी वेळा ऐकू येतो, म्हणून चूक जास्त वर्षं टिकते.

आई-वडिलांनीच स्पॅनिश दिलं नाही, अशीही घरं आहेत, आणि त्यांना दोष देण्याआधी इतिहास पाहावा. टेक्ससमध्ये १९१८ च्या कायद्यानं शाळेत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवणं गुन्हा ठरवलं होतं; तो १९६९ मध्ये रद्द झाला. मैदानावर स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना छड्या बसत. त्या मुलांनी पुढे आपल्या लेकरांना मार बसू नये म्हणून घरातली भाषा बदलली. कॅलिफोर्नियात १९९८ च्या प्रस्ताव २२७ नं द्विभाषिक शिक्षण जवळपास बंद केलं, ते २०१६ च्या प्रस्ताव ५८ नं पुन्हा मोकळं झालं.

काय करता येईल: मूल चुकलं तर थांबवू नका, आपल्या पुढच्या वाक्यात बरोबर रूप वापरा. भाषेला ठरलेली जागा द्या; रविवारचा आजीचा फोन, स्वयंपाक, प्रवास. वाचन लवकर सुरू करा, कारण फक्त बोलण्यावर राहिलेली भाषा स्वयंपाकघराबाहेर जात नाही. शाळेत नवशिक्यांच्या स्पॅनिश वर्गात घालू नका. तिथे मूल कंटाळतं आणि व्याकरणाच्या संज्ञा माहीत नसल्यानं गुणही कमी पडतात. 'हेरिटेज स्पीकर', म्हणजे घरी ती भाषा ऐकत वाढलेल्या मुलांचा वेगळा वर्ग आहे का ते विचारा. बारावी होताना बऱ्याच राज्यांत दोन भाषांवरच्या प्रभुत्वाची मोहोर प्रमाणपत्रावर मिळते. कॅलिफोर्नियानं तिचा कायदा २०११ मध्ये केला.

९. स्पॅन्ग्लिश ही बिघडलेली भाषा आहे का?

दोन्ही भाषा येणाराच ती बोलू शकतो, आणि तिला नियम आहेत. 'लोंचे' (दुपारचं जेवण), 'त्रोका' (ट्रक), 'पार्केआर' (गाडी लावणं) हे शब्द स्पॅनिश व्याकरणात नीट बसलेले आहेत. जपायचं ते फसव्या जोड्यांना. 'आप्लिकासिओन'चा प्रमाण स्पॅनिशमध्ये 'अर्ज' असा अर्थ होत नाही, अर्जाला 'सोलिसितुद' म्हणतात. 'एम्बारासादा' ऐकायला इंग्रजी 'एम्बॅरस्ड'सारखं, पण अर्थ गरोदर.

१०. सासूबाईंना 'तू' म्हणायचं की 'उस्तेद'?

स्पॅनिशमधलं 'तू' उच्चारानं आणि अर्थानं अगदी आपलं 'तू' आहे. 'उस्तेद' आदरार्थी. मेक्सिकन घरात उस्तेदनं सुरुवात करा. त्या 'आब्लामे दे तू' म्हणाल्या की तूवर या. बोगोता आणि कोस्ता रिकात नवरा-बायको, मित्र, आई-मूलही एकमेकांना उस्तेद म्हणतात. तिथे त्यात दुरावा नसतो. अर्जेंटिना, उरुग्वे, निकाराग्वा, एल साल्वादोर इथे तूच्या जागी 'वोस'. लॉस एंजेलिसमध्ये वाढणारी साल्वादोरी मुलं घरी वोस आणि मेक्सिकन मित्रांत तू वापरतात; म्हणजे त्यांना इंग्रजी धरून तिहेरी कसरत.

मराठी माणसाची ठरलेली चूक: आदर म्हणून क्रियापद अनेकवचनी करणं. आपण 'तुम्ही आहात' म्हणतो, स्पॅनिशमध्ये एका माणसासाठी 'उस्तेद एस्ता' असं एकवचनच. 'उस्तेदेस एस्तान' म्हटलं तर सासूबाई मागे आणखी कोण उभं आहे ते पाहतील.

११. आई-वडिलांना इंग्रजी येत नाही, म्हणून दहा वर्षांची मुलगी दवाखान्यात दुभाषी होते. चालेल का?

घरात टपाल वाचून दाखवणं ठीक, दवाखान्यात नको. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या आरोग्यसंस्थेनं दुभाषी मोफत द्यायचा असतो, आणि २०१० च्या आरोग्य कायद्याच्या कलम १५५७ खालच्या नियमांनुसार अल्पवयीन मुलावर भिस्त ठेवता येत नाही. अपवाद फक्त दुभाषी लगेच मिळत नसलेल्या तातडीच्या प्रसंगाचा. वेळ ठरवतानाच भाषा सांगा, पोचल्यावर पुन्हा सांगा. माणूस नसेल तर फोनवरचा दुभाषी मागा.

एका शब्दानं काय होतं याचं उदाहरण १९८० मधलं आहे. फ्लोरिडात १८ वर्षांच्या क्यूबन तरुणाला घरच्यांनी 'इंतोक्सिकादो' म्हटलं. क्यूबन बोलीत त्याचा अर्थ खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलं. डॉक्टरांनी अमली पदार्थांचा अतिरेक असा घेतला, प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होता, आणि तो तरुण हातापायांनी पांगळा झाला. औषधाच्या बाटलीवरही सापळा असतो: दिवसातून एकदा यासाठीचा इंग्रजी 'वन्स' आणि स्पॅनिश 'ओन्से', म्हणजे अकरा, यांची अक्षरं एकच आहेत.

मुलीच्या मनावरचं ओझंही खरं असतं. आईच्या आजाराचं नाव लेकरानं आईला सांगू नये.

१२. किन्सेआन्येरात पाहुण्यांनी काय करायचं? आणि 'पाद्रिनो' व्हा म्हणाले तर?

मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा हा सोहळा. मेक्सिकन पद्धतीत आधी चर्चमध्ये मिस्सा, मग हॉलमध्ये वडिलांबरोबर वाल्स नाच, सपाट चपला काढून उंच टाचांचे बूट घालणं, शेवटची बाहुली आणि मित्रमैत्रिणींचा जथा. परंपरेनं १४ जोड्या, हल्ली बरेचदा कमी. मिस्सालाही जा, फक्त जेवायला येणं दिसून येतं.

पाद्रिनो होणं म्हणजे खर्चाचा एक ठरलेला भाग उचलणं: केकचे पाद्रिनो, पोशाखाचे, मुकुटाचे. हे आहेराच्या पाकिटासारखं नाही, वस्तू आधी ठरते. रक्कम स्पष्ट विचारून घ्या. संकोचानं हो म्हणून ऐनवेळी मागे हटलात तर त्या घराची मोठी अडचण होते. बाप्तिस्म्याच्या पाद्रिनोचं नातं आणखी घट्ट, कारण मुलाचे आई-वडील आणि पाद्रिनो एकमेकांचे 'कोम्पाद्रे' होतात. ज्या नात्यांना इंग्रजीत नावच नाही ती इथे आहेत: 'कोन्सुएग्रो' म्हणजे व्याही, 'कोन्कुन्यो' म्हणजे साडू. मराठी माणूस इथे लगेच रुळतो.

१३. दिया दे मुएर्तोस म्हणजे मेक्सिकन हॅलोविन का?

नाही. हा गेलेल्या माणसांच्या आठवणीचा सण: १ नोव्हेंबर गेलेल्या लहानग्यांचा, २ नोव्हेंबर मोठ्यांचा. घरात ओफ्रेंदा, म्हणजे त्यांच्यासाठीची वेदी, मांडून त्यांच्या आवडीचं जेवण ठेवतात. पितृपक्षातलं पान वाढलेल्या घराला हे समजवावं लागत नाही. ओफ्रेंदावरचं सेम्पासूचिल हे फूल म्हणजे आपला दसऱ्याचा झेंडू. तो मूळचा मेक्सिकोचाच. पण हा सण मुख्यतः मेक्सिकोचा आहे, प्वेर्तो रिकन किंवा दोमिनिकन शेजाऱ्याला शुभेच्छा देऊन अवघडवू नका. सिंको दे मायो हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन नव्हे; ती ५ मे १८६२ ची पुएब्लाची लढाई. स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबर.

१४. लॅटिनो आहेत, पण त्यांच्या घरात स्पॅनिशच बोलत नाहीत. असं कसं?

मेक्सिकोतल्या ओआहाकाचे मिश्तेक आणि सापोतेक, ग्वातेमालाचे माम आणि किचे या मूलनिवासी समाजांतल्या अनेकांची पहिली भाषा स्पॅनिश नसते. मेक्सिको ६८ मूलनिवासी भाषांना राष्ट्रीय भाषा मानतो. अमेरिकेतलं असं मूल तीन भाषांत वाढतं, आणि शाळा बहुतेकदा त्यातल्या दोनच नोंदवते. स्पॅनिश दुभाषी आणून काम भागलं असं समजू नका; आई मान डोलावते याचा अर्थ तिला समजलं असा नाही. 'घरात कोणती भाषा?' आणि 'कोणत्या गावची?' हे दोन्ही विचारा, कारण एका मिश्तेक गावची बोली दुसऱ्याला कळेलच असं नाही.

१५. आम्ही गोव्याचे, आडनाव डिसोझा. ऑफिसात सगळे स्पॅनिशमध्ये बोलू लागतात. आम्ही लॅटिनोत मोडतो का?

नाही. गोव्यात १५१० ते १९६१ पोर्तुगीज सत्ता होती, आडनावं धर्मांतरासोबत आली, मूळ भारतीयच. अमेरिकन फॉर्मवर तुमची चौकट आशियाई. पोर्तुगालचे लोकही त्या व्याख्येत हिस्पॅनिक नाहीत. फिलिपिनो सहकाऱ्याचं आडनाव स्पॅनिश असण्याचं कारणही असंच: १८४९ मध्ये तिथल्या स्पॅनिश गव्हर्नरनं यादीतून आडनावं वाटली.

१६. आई मेक्सिकन, बाबा मराठी. मूल नक्की कोण? आधी असं कुणी वाढलंय का?

वाढलंय, शंभर वर्षांपूर्वी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात शेतीवर गेलेल्या पंजाबी पुरुषांना १९१७ च्या कायद्यामुळे गावाकडून बायका आणता येईनात, आणि गोऱ्या स्त्रीशी लग्नाला राज्यात बंदी होती. इंपीरियल खोऱ्यात आणि युबा सिटीच्या भागात अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्नं केली. कारकुनाला दोघांचा रंग सारखा वाटला की परवाना मिळे. (त्या बंदीचा कायदा कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९४८ मध्ये रद्द केला, अर्जदार आंद्रेआ पेरेस मेक्सिकन-अमेरिकन होत्या, आणि कायद्याच्या लेखी 'गोऱ्या'.) या घरांत मुलांची नावं स्पॅनिश, आडनावं सिंग. पोळी आणि तोर्तिया एकाच तव्यावर. पण मुलं आईजवळ वाढली आणि वडील दिवसभर शेतात, म्हणून स्पॅनिश टिकलं आणि पंजाबी गेलं. पुढे भारतातून नवी कुटुंबं आली तेव्हा त्यांनी या मुलांना आपलं मानायला खळखळ केली.

त्यातून आजच्या घरानं घ्यायचं ते हे: भाषा रक्तातून येत नाही, सोबतीच्या तासांतून येते. बाबांना मराठी द्यायची असेल तर आंघोळ, झोपतानाची गोष्ट, शाळेत सोडणं यातलं रोजचं काहीतरी बाबांकडे हवं, आणि ते फक्त मराठीत. इंग्रजी शाळा देईल, तिची काळजी नको. नाव असं निवडा जे दोन्ही आज्यांना सहज म्हणता येईल. स्पॅनिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीला 'स'ला जोडाक्षर नसतं, तिथली आजी 'स्नेहा'चं 'एस्नेहा' करणार. 'मीरा'ला 'मिरा' म्हणणार, आणि 'मिरा' म्हणजे 'बघ'. दोन आडनावांसाठी प्रश्न ७ पाहा.

फॉर्म जुन्या पद्धतीचा असेल तर हिस्पॅनिकच्या प्रश्नाला 'हो, मेक्सिकन' आणि वंशाच्या प्रश्नात 'एशियन इंडियन'. नव्या पद्धतीचा असेल तर एकाच प्रश्नात दोन्ही चौकटींवर खूण करा. आईकडून वंशाची आणखी चौकट लागू होत असेल तर तीही. 'फक्त एकच निवडा' असं कुणी तोंडी सांगितलं, तर फॉर्मवरची छापील सूचना वाचा. तिथे बहुधा 'लागू असतील त्या सर्व' असं लिहिलेलं असतं.